गाडीला ओढ हाय!

स्पीड? कसला स्पीड हो, कसला स्पीड! जो येतो तो एका हातात केळी नि दुसऱ्या हातात अक्कल घेऊन येतो... "मटिल्डा, सॅन्टनला जरा सावकाश चालवायला सांगायचं नाय काय, स्पोर्टची गाडी ती, आवरत नाय..." अहो, माझ्या नवऱ्याच्या गाडीला पापडीचा टांगा मागं टाकायचा, टांगा! घोडा मान वळवून बघायचा, नि मग शेपटी उडवून पुढं जायचा. आणि म्हणे स्पीड! सरका हो बाई जरा तिकडं, या बाकाचा एक पाय आखूड आहे, मधे बसलं की डुगडुगत नाही. तुमचं कोण आहे आत? सासरे? काय झालं, मुतखडा? बरं आहे तुमचं. मुतखड्याला निदान कोणी येऊन म्हणत नाही की जरा सावकाश मुतायला हवं होतं!

आमचा तो तिकडं. खिडकीखालची खाट, भिंतीकडं तोंड. हात मोडलाय. उजवा. आता तुम्ही म्हणाल हातच ना, पाय तर नाही, डोकं तर नाही... तुम्हाला सांगते, आमचा सॅन्टन पाचूबंदरचा तांडेल आहे. तांडेल म्हणजे बाकीच्यांनी जाळं ओढायचं आणि यानं सुकाणू धरून बसायचं, होडी कुठं न्यायची ते यानं ठरवायचं. सगळी जवानी त्या उजव्या हातानं सुकाणू धरलं. दर्यानं माझा बाप खाल्ला, माझे दोन दीर खाल्ले, धाकट्याचं तर अंगही परत दिलं नाही, शर्ट दिला नुसता, तो पण बटणं लावलेला! पण सॅन्टनला नाही घेतला. वादळात घेतला नाही, तुफानात घेतला नाही. दर मिस्साला चर्चात मी मेणबत्ती लावायची नि म्हणायची, जेजू, याला दर्यात नको मारू. आता जेजूनं ऐकलं ते बरोब्बर तेवढंच ऐकलं! रस्त्याचं मी कुठं काय बोलले होते? आता तो हात पुन्हा कशाला धरू शकेल की नाही, एवढंच मला कोणी सांगा. ते नक्की कोणी सांगत नाही. केळी आणतात. आणि जाता जाता दारात कुजबुजतात, हिच्यामुळंच झालं हो, हिनंच भुणभुण लावली होती. बोला ना, मोठ्यानं बोला! चुकलं कोणाचंही असू दे, तोंड कोणाचं वाईट? मटिल्डाचं!

मुळात गाडी आली कुठून ते ऐका. आणि गाडीच्या आधी सेबेस्टियन. सेबेस्टियन म्हणजे त्या शर्टवाल्या दिराचा पोरगा. बाप गेला तेव्हा हा गुडघ्याएवढा, सॅन्टननं वाढवला, मांडीवर बसवून सुकाणू धरायला शिकवलं. मोठा झाला, नवी बोट आली, मोठं इंजिन आलं, आणि एके दिवशी हा आमच्या ओट्यावर येऊन काय बोलतो? आवाज बघा हं, तान्ह्या पोराला दूध पाजताना काढतात तसा... "काका, आता तुमी आराम करा. लय केलं तुमी." आराम! घोड्याला सांग आराम कर, उभ्यानं मरेल तो. सॅन्टन काय बोलला? 'बरं' म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्याच्या उजव्या हाताला कामच राहिलं नाही हो. खुर्चीची पाठ धरायचा. ओसरीचा खांब धरायचा. रात्री झोपेत माझं कोपर धरायचा नि वळवायचा, बंदराकडं न्यायचा मला! मी म्हणायची, अरे मी होडी नाय, सोड, खांदा उतरंल माझा. तर जागा व्हायचा, बघायचा माझ्याकडं, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा ना... जाऊ दे.

तर तेवढ्यात वसईच्या किल्ल्यात आलं शूटिंग. आमची एक जुनी लहान होडी होती पडलेली, ती त्यांनी घेतली आठवडाभर, हिरोईनला बुडवायला. आणि हिरोला होती ही गाडी. लाल. दोन माणसांची. वरचं छत कापडाचं, ते पण फाटकं. आता गोष्ट अशी की हिरोनं दार न उघडता उडी मारून आत बसायचं होतं. का? दाराला काय झालं होतं? पण नाही, उडीच मारायची. आणि हिरो पडला आखूड. एकदा मारली उडी, दारावर लटकला. दुसऱ्यांदा मारली, पुन्हा लटकला, वलांडीवर बोंबील वाळत घालतात ना, हुबेहूब तसा, दोन्हीकडं सारखा! पाचूबंदर सगळं बघायला जमलेलं, पोरं हसायला लागली, डायरेक्टर तापला. मग त्यांच्या मिस्त्रीनं काय केलं? हिरोला उंच करता येत नाही म्हणून गाडीला बुटकी केली. खालच्या स्प्रिंगा कापल्या करवतीनं, बसवली गाडी भुईला, चारा खाल्लेल्या म्हशीसारखी. मारली हिरोनं उडी. टाळ्या! आणि शूटिंग संपल्यावर गाडी काही चालू होईना, मुंबईला ओढून कोण नेणार, तर सॅन्टनला म्हणाले, "काका, होडीच्या भाड्याऐवजी गाडीच ठेवून घ्या, आपली आठवण."

आठवण! माणसं गेली की फोटो ठेवतात, यांनी गाडी ठेवली.

मी म्हटलं, परत कर. पण सॅन्टन तिच्यात जाऊन बसला होता आणि दोन्ही हातांनी ते स्टेरिंग धरून बसला होता. गाडी बंद. चाकं रेतीत. आणि हा बसलाय, डोळे लांब, जसं काय समोर वसईची खाडी आहे. कितीतरी महिन्यांनी मी त्याचा हात शांत बघितला. बाई, मी तोंडाची वाईट आहे, काळजाची नाही. राहिली गाडी. कुठून कुठून कोणाकोणाला आणून चालू करून घेतली, लायसन काढलं, कसं काढलं ते विचारू नका.

आता त्या गाडीत बसायचं म्हणजे काय ते ऐका! खाली पाटावर बसल्यासारखं बसायचं, गुडघे हनुवटीला, मांडीवर मासळीची टोपली, टोपलीवर माझी हनुवटी. रस्त्यावरचा कुत्रा माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघायचा. बकरी वरून बघायची. कोंबडी बाजूला व्हायची नाही, तिला वाटायचं आपल्यातलीच कोणीतरी आहे! आणि प्रत्येक गटाराला, प्रत्येक दगडाला खालून खर्रर्र... मी म्हणायची येसटीनं जाते बाबा, येसटीत निदान बाकावर बसतात. पण सॅन्टन खूश. आणि का खूश होता? तर गाडी ओढायची.

हां, आता इथं नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. गाडी डावीकडं ओढायची. तुम्ही सरळ जायला बघा, ती आपली डावीकडं, हळूहळू, गपचूप, नवऱ्याच्या खिशात हात घालणाऱ्या बाईसारखी. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी मिस्त्रीकडं गेला असता. पण हा तांडेल! याला काय वाटलं ठाऊक आहे? होडी कधी सरळ जाते का? पाणी तिला कुठंतरी ओढतंच, वारा ओढतो, भरती ओढते. त्याला ओढ म्हणतात. आणि तांडेलानं काय करायचं? ओढीच्या उलटं सुकाणू दाबून धरायचं नि बसायचं. तर यानं उजवीकडं दाबून धरलं स्टेरिंग. उजवा हात, उजवा खांदा, दात आवळलेले. मी म्हणायची, अरे ही बिघडलीय. हा म्हणायचा, "बिघडली नाय ग मटिल्डा. गाडीला ओढ हाय! दर्याकडं ओढते ती. पाचूबंदरची झाली आता."

मी चौथीपर्यंत शिकलेय. जास्त नाही, पण डावं-उजवं कळायला चौथी पुरते. घरून निघालं की दर्या डावीकडं. ठीक, मानलं. पण घरी येताना दर्या उजवीकडं येतो ना? मग गाडीनं उजवीकडं ओढायला पाहिजे ना? पण येताना पण डावीकडंच! म्हटलं, सॅन्टन, दर्या काय तुझ्या मागं मागं फिरतो काय रे टोपली घेऊन? तर यानं विचार केला. खरंच विचार केला हो, गाडी थांबवून. आणि म्हणतो काय, "भरती-ओहोटीचा फरक असंल."

आता याच्यावर काय बोलायचं? बोलले! रस्त्यात बोलले, चार माणसांत बोलले. लोक जमले. आणि मग तोंड कोणाचं वाईट? मटिल्डाचं!

आणि टायर. अहो, टायर! अंगणात मी खाली बसून मासळी साफ करायची, गाडी समोर उभी, तर मला काय दिसायचं? चाकाची आतली बाजू. उभ्या माणसाला दिसणार नाही, बाहेरून टायर असा गुळगुळीत काळा, नक्षी सगळी शाबूत, नवरदेवासारखा. आणि आतून? आतून साफ टक्कल! नक्षी नाही, रबर नाही, नुसते दोरे लोंबतायत फाटक्या जाळ्यासारखे. मी म्हटलं, सॅन्टन, खाली बस, वाक जरा नि बघ. वाकला. बघितलं. त्याचाही चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी जाईल मिस्त्रीकडं. कुठला! कोळ्याला दोरा सुटलेला दिसला की कोळी काय करतो? दुरुस्त करतो. होडीच्या दोन फळ्यांमधे फट पडली की तिच्यात कापूस ठासतात नि वरून डांबर फासतात, पाणी शिरू नये म्हणून. यानं टायरला कापूस ठासला! वरून डांबर! दर रविवारी मिस्सा झाली की कोटबीट काढून, अंगणात चाकाखाली उताणा, छिन्नी-हातोडी घेऊन ठोकतोय. आणि अख्ख्या पाखाडीतले बाप्ये सभोवती उभे, एक बोलला डांबर जाड लाव, दुसरा बोलला नाय पातळ लाव, तिसऱ्यानं सांगितलं मुशी माशाचं तेल पाज, होडीला पाजतात तसं, लाकूड टिकतं. अरे पण हे लाकूड आहे का? नाही! पाजलं तेल! त्यानं रबर आणखी मऊ झालं नि गाडीला असा वास सुटला की सगळ्या मांजरी आमच्या दारात. गाडी निघाली की चार मांजरी मागून पळतायत, गाडी थांबली की चाक चाटतायत. माणसाच्या मागं पोलीस लागतात, कोर्ट लागतं, माझ्या नवऱ्याच्या मागं मांजरी लागल्या!

हसा, हसा तुम्ही. मीही हसायचे. कापूस ठासून झाला की उठायचा, हात पुसायचा, चाकावर थाप मारायचा नि म्हणायचा, "बघ, आता अमेरिकेला जाईल." आणि असा दिसायचा ना तेव्हा... होडी पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी दिसायचा तसा. मग मी काय करणार? गप्प बसायचे. होय, मी! मटिल्डा! गप्प बसायचे.

मग तो पापडीच्या बाजाराचा दिवस. येसटी चुकली म्हणून मी बसले त्या गाडीत, मांडीवर पापलेटांची टोपली. वाडीवाल्यांच्या रस्त्यानं चाललोय, दोन्हीकडं पानवेली, केळी, सावली, हा आपला दाबून धरून बसलाय उजवीकडं नि मला सांगतोय आज ओढ जोरात हाय म्हणून... आणि फाट्टकन आवाज! मला वाटलं आभाळ फाटलं. कावळे उडाले. डावं पुढचं चाक फुटलं आणि गाडी गेली गरकन फिरून डावीकडं, चिखलातून, केळींतून, नि थांबली ती विहिरीच्या कठड्यावर. कठड्याला टेकून नाही हो, कठड्यावर! पुढचं तोंड आत. मी सीटवरून बघतेय, खाली काळं पाणी, आणि माझी पापलेटं एकेक करून चालली आत, डुबुक... डुबुक... मी म्हटलं, जेजू, हे असं ठरलं होतं काय? कोळ्याच्या पोरीला विहिरीत?

वाडीवाले नाना धावत आले, धोतर सावरत. मागून धरून ओढलं आम्हाला. मला वाटलं आता म्हणतील, बाई लागलं का. तर म्हणतात, "अहो, माझी सगळी पानवेल या पाण्यावर हाय! आता विड्याला पापलेटाचा वास येनार!" मी म्हटलं, नाना, विड्याबरोबर फुकट मासळी, जास्त भाव घ्या! पण मग ते विहिरीकडं बघून, सॅन्टनकडं बघून हळूच म्हणाले, "आज कठडा होता म्हणून वाचलात, तांडेल. रस्त्याला कठडा नसतो."

त्या रात्री मला झोप नाही. डोळे मिटले की डुबुक. सकाळी उठले, कानातली काढली, आणि सॅन्टनला म्हटलं, चल. कुठं? मिस्त्रीकडं. आज चाकं सरळ नाही केलीस तर तुझा नि माझा रस्ता वेगळा, मी माहेरी नाय जाणार, तूच जा दर्याकडं! तर हो, लावली भुणभुण. लावली! का नाही लावणार? विहिरीतलं पाणी मी बघितलं होतं, कुजबुजणाऱ्यांनी नाही. पण तोंड कोणाचं वाईट?

सातिवलीकडं, हायवेला लागून हिरामण म्हणून आहे एक, त्याच्याकडं ते चाकं सरळ करायचं यंत्र. टेम्पोला बांधून नेली गाडी. हिरामणनं टायर बघितला. हात लावला. बोट आत घातलं. कापूस काढला. डांबर काढलं. वास घेतला. माझ्याकडं बघितलं, सॅन्टनकडं बघितलं, आणि हसला नाही हो, एवढं मी त्याचं चांगलं म्हणेन. म्हणाला, "काका, स्प्रिंगा कापल्यात नि त्या पण सारख्या नाहीत, डावीकडची जास्त. गाडी खाली बसली, चाकं वरून आत झुकली, खालून बाहेर फाकली. फेंगड्या पायांची झाली. म्हणून टायर आतून खातेय. मावशी, तुमच्या चपला बघा." मी बघितल्या. डावी चप्पल एका बाजूनं झिजलेली, टोपली डोक्यावर घेऊन घेऊन. म्हणाला, "तसंच." कळलं मला. चपलेवरून सांगितलं की कळतं. पण सॅन्टनला नाही पटलं. तो म्हणाला, "पन तिला ओढ हाय. दर्याकडं ओढते."

"ओढ?" हिरामण म्हणाला. "काका, गाडीला ओढ नसते. दोष असतो."

बाई, तुम्हाला सांगते... माझा धाकटा दीर गेला, होडी परत आली, सॅन्टन उतरला, रेतीत उभा राहिला, तेव्हा त्याचं तोंड मी बघितलंय. ते तोंड पुन्हा बघितलं. त्या गॅरेजात, ऑइलच्या वासात, टायरांच्या ढिगापाशी. म्हणाला, "म्हंजे ती दर्याकडं नाय जात?" हिरामण म्हणाला, "नाही काका." हा म्हणाला, "मग मी येवढे दिवस काय धरून बसलो व्हतो?"

याचं उत्तर काय देणार हिरामण? तो मिस्त्री, फादर थोडाच आहे? आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, करा सरळ.

नव्या स्प्रिंगा टाकल्या, वीतभर उचलली गाडी. नवे टायर. मग ते यंत्र लावलं, हिरामण एका डोळ्यानं बघतोय, पान्यानं केसभर इकडं, केसभर तिकडं... पैशाचं नका विचारू, ते माझ्या कानांना विचारा. संध्याकाळ व्हायच्या आत गाडी तयार. हिरामणनं स्वतः चालवून दाखवली. हायवेवर दोन्ही हात सोडले त्यानं, दोन्ही! आणि गाडी सरळ, चर्चातल्या मधल्या वाटेवरून नवरी चालते तशी, इकडं नाही तिकडं नाही. मी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे वाजवल्या, मला आनंद झाला, विहीर गेली डोक्यातून. हिरामण सॅन्टनला म्हणाला, "काका, आता दाबून धरायचं नाही हां. हात सैल. एका बोटावर चालेल." सॅन्टन 'बरं' म्हणाला. सेबेस्टियनला म्हणाला होता ना, तेच 'बरं'. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काय, असं आता लोक मला विचारतात. अहो, 'बरं' ऐकून कोणाला काय कळतं?

निघालो. पहिल्यांदा बरी चालवली. एक बोट. मी म्हटलं, बघ, किती सुख! खाली खरखर नाही, कुत्र्याला मी वरून बघतेय. तर हा मधेच हात घट्ट करायचा नि गाडी उजवीकडं जायची, मी ओरडायची, सैल! मग सैल सोडायचा. पुन्हा घट्ट. सैल! पुन्हा घट्ट. तुम्हीच सांगा, जन्मभर ज्या हातानं दाबून धरलं, त्याला संध्याकाळपर्यंत सोडायला कसं शिकवणार? हिरामणनं गाडीची चाकं सरळ केली. सॅन्टनचा खांदा कोण सरळ करणार होतं? त्याचं यंत्र कुठं आहे?

मिठागरांच्या मधून रस्ता येतो ना वसईकडं, तिथं वारा सुटला खाडीवरनं. आणि समोरून येसटी. मोठी, लाल, भोंगा वाजवत. आता घाबरलेला माणूस काय करतो? जे जन्मभर केलं तेच करतो. दात आवळले आणि सुकाणू दाबलं. उजवीकडं. सगळ्या ताकदीनं. पण समोर ओढच नाही ना तोलायला! गाडी गेली सरळ बसच्या पुढ्यातून, आडवी, बसचा भोंगा माझ्या कानावरनं गेला, नि मिठागराच्या बांधावर आदळून आम्ही आत, पलीकडं, मिठाच्या पाण्यात. मला काय लागलं? कपाळावर एवढंसं. त्याचा उजवा हात दाराच्या नि बांधाच्या मधे. मिठागरातले गडी धावले, उचलली गाडी. हाडाचं टोक बाहेर, वरून मीठ. मिठाचं पाणी, बाई! ओरडला नाही. एवढा मोठा माणूस, माझ्याकडं बघितलं आणि लहान पोरासारखं सांगितलं, "मटिल्डा, ओढच नव्हती ग."

एवढंच. त्यानंतर बोललेला नाही. अजून नाही.

गाडीचं काय झालं? गाडीला काय होणार, तिथंच पडली, मिठात, गंजली. बघून येणारे म्हणतात, काय सुंदर सरळ उभी आहे.

काल सेबेस्टियन आला. उकडलेली अंडी घेऊन. बसला खाटेच्या कडेला, पाप कबूल करायला आल्यासारखा. आणि म्हणतो, तोच आवाज... "काका, लवकर बरे व्हा. बोटीवर या. सुकाणूला तुमीच बसा, मी जाळ्यावर जातो." आता बोलावतोय! हात धड होता तेव्हा आराम करा, आता हात मोडला तेव्हा सुकाणू धरा! मी बोलले त्याला, वॉर्डात बोलले, नर्सनं बाहेर काढलं मला. अंडी पण बाहेर काढली. पण सॅन्टननं काय केलं ठाऊक आहे? भिंतीकडचं तोंड वळवलं. सेबेस्टियनकडं नाही बघितलं, स्वतःच्या त्या हाताकडं बघितलं, प्लास्टरातून बाहेर आलेल्या बोटांकडं. बोटं हलवली. दोन हलली. बाकीची नाही. मग परत भिंतीकडं.

आणि आज सकाळी प्लास्टर कापलं. डॉक्टर तरुण आहे, गोड बोलतो, मिशी अजून नवी आहे. मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मावशी, हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय. हात खांद्याच्या वर जाणार नाही." मी म्हटलं, सुकाणू? म्हणाला, "सुकाणू कुठं असतं?" मी दाखवलं, असं, कमरेपाशी. म्हणाला, "तिथपर्यंत जाईल बहुतेक. जोर किती लागेल सांगता येत नाही. पण मावशी, घाबरू नका, आपण पुन्हा मोडू आणि एकदम सरळ बसवू. सरळ केलं की बघा, नवीन हात!"

मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही चांगले शिकलेले आहात, देव तुमचं भलं करो, पण त्याला हात लावू नका. आहे तसा द्या माझ्याकडं. जन्मभर वाकडाच चालवलाय मी. आता सरळ केलेला नवरा मला चालवायला जमायचा नाही.